वाटाण्याएवढं औषध

शेतात आयुष्य काढलेल्या नऊवारीतल्या एखाद्या आजीचा हात कधी नीट पाहावा. चोळीची बाही संपते तिथपासून मनगटापर्यंतची कातडी काळवंडलेली, राठ. चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. बाही वर सरकवली की दंडाची आतली बाजू दिसते. फिकट, मऊ, सैल पडलेली, बारीक चुण्यांची, पण डाग नसलेली. दोन्हींचं वय एकच. फरक उन्हाचा. चेहऱ्यावर जिला आपण वयाची खूण म्हणतो त्यातला मोठा हिस्सा असा उन्हाचा असतो, आणि बाजारातल्या ढीगभर बाटल्यांपैकी ज्या थोड्या खरोखर काम करतात, त्या मुख्यतः या उन्हाने केलेल्या मोडतोडीवरच करतात.

मोडतोड होते ती वरच्या पापुद्र्याखाली. तिथे कोलॅजेन या प्रथिनाच्या दोऱ्यांची वीण असते, खाटेच्या नवारीसारखी. ही नवार शरीर फार सावकाश बदलतं. त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायला लागणारा काळ, साधारण १५ वर्षांचं आहे. ऊन लागलं की पेशींमध्ये एपी-१ नावाचा प्रथिनांचा खटका दाबला जातो आणि काही तासांत कोलॅजेन कापणारी विकरं तयार होतात. मिशिगन विद्यापीठात गॅरी फिशर आणि जॉन व्होरहीस यांच्या गटाने १९९६ साली ही साखळी उलगडून दाखवली. त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, त्वचा लाल होण्याइतकं ऊनसुद्धा लागत नाही. त्याहून कितीतरी कमी पुरतं. म्हणजे दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यापर्यंत जाण्याचं ऊनही हिशेबात धरलं जातं. कापलेलं कोलॅजेन शरीर दुरुस्त करतं, पण रफू केल्यासारखं. रफूवर रफू चढत गेलं की त्याची सुरकुती होते.

आता या नवारीपर्यंत बाहेरून काही पोचवायचं म्हणजे अडचणच आहे, कारण त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर चेहऱ्यावर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाही जाड नसेल, पण पक्का. २००० साली बॉस आणि माइनार्डी या दोन डच संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला : रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) वर गेलं की शाबूत त्वचेतून तो सहसा आत शिरत नाही. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. त्यामुळे 'कोलॅजेन क्रीम' चोळून कोलॅजेन वाढेल ही आशा सोडून द्यावी. क्रीम ओलावा धरून ठेवेल तेवढंच. हायल्युरॉनिक आम्लाचं बरंचसं तेच. पाणी धरणारा उत्तम पदार्थ, ओलसर चेहऱ्यावर लावून वरून साधं क्रीम लावलं तर चेहरा तासाभरात टवटवीत दिसतो आणि बारीक रेषा भरून आल्यासारख्या वाटतात. धुतलं की संपलं. यात फसवणूक नाही, फक्त त्याला 'उपचार' म्हणू नये. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा दिवसभर एसीत बसून नुसतंच हायल्युरॉनिक सीरम लावलं, वर क्रीम नाही, तर चेहरा उलट ताणल्यासारखा वाटतो, कारण लावलेलं पाणी हवेत उडून जातं.

आत शिरून पेशींशी बोलणाऱ्या रेणूंमध्ये पहिला मान अजूनही अ जीवनसत्त्वाच्या घराण्याचा. ट्रेटिनॉइन म्हणजेच रेटिनोइक आम्ल, वजन जेमतेम ३०० डाल्टन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरुमांवर वापरलं. अमेरिकेत १९७१ साली त्याला मुरुमांचं औषध म्हणून परवानगी मिळाली. मग मध्यमवयीन बायका सांगू लागल्या की मुरुमं गेलीच, पण चेहराही गुळगुळीत झालाय. १९८६ मध्ये क्लिगमन यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरचा निबंध छापला, १९८८ मध्ये मिशिगनमधून खऱ्या आणि खोट्या मलमाची तुलना करणारी चाचणी आली, आणि १९९५ च्या अखेरीला ०.०५ टक्क्यांच्या क्रीमला बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली. या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. क्लिगमन यांचे अनेक प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या पाठींवर झाले, बहुतेक कैदी कृष्णवर्णीय. त्यांच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्याबद्दल २०२१ साली माफी मागितली. ट्यूबवर हे कुठे छापलेलं नसतं.

औषध काम कसं करतं? पेशीच्या केंद्रकात रेटिनोइक आम्लासाठी खास ग्राहक-प्रथिनं असतात. आम्ल त्यांना चिकटलं की काही जनुकं चालू होतात, काही बंद. नवं कोलॅजेन बनू लागतं, आणि वर सांगितलेला एपी-१ चा खटका दाबला जात नाही. १९९३ साली व्होरहीस यांच्याच गटाने १० ते १२ महिने ट्रेटिनॉइन लावलेल्या त्वचेचे नमुने तपासले : पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढलेली, औषध नसलेलं नुसतं क्रीम लावणाऱ्यांची १४ टक्क्यांनी घटलेली. यातला महिन्यांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तीन आठवड्यांत काही दिसत नाही म्हणून ट्यूब फेकणारे लोक बरोबर त्याच वेळी सोडतात जेव्हा फक्त त्रास झालेला असतो आणि फायदा अजून दारातच उभा असतो.

त्रास बहुतेकांना होतोच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चेहरा कोरडा, मग सालपटं, चुरचुर, तोंड धुताना आग. दोन ते सहा आठवडे हे चालतं. ही अॅलर्जी नसते. वरच्या थराची उलाढाल एकदम वाढल्याचा तो परिणाम असतो. आणि 'याने कातडी पातळ होते' हा समजही उलटा आहे. वरचा मृत थर घट्ट, आटोपशीर होतो, त्याखालचा जिवंत थर मात्र जाड होतो.

म्हणून लावण्याची पद्धत अर्ध्या औषधाइतकी महत्त्वाची. रात्री साध्या, फेस कमी येणाऱ्या फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं आणि वीस-तीस मिनिटं थांबायचं. ओल्या त्वचेतून औषध जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं. मग बोटावर वाटाण्याएवढं घ्यायचं. खरोखर वाटाण्याएवढं, तेही सोललेल्या हिरव्या वाटाण्याएवढं, काबुली चण्याएवढं नाही. कपाळावर, दोन्ही गालांवर, हनुवटीवर टिकल्या ठेवायच्या आणि पसरायच्या. नाकपुड्यांच्या कडेच्या खाचा, ओठांचे कोपरे, डोळ्यांचे कोपरे, इथे मलम साचतं आणि कातडी फाटते; तिथे आधीच व्हॅसलिनचं बोट फिरवून ठेवावं. वरून साधं मॉइश्चरायझर. फार नाजूक त्वचा असेल तर औषधाच्या आधी एक थर आणि नंतर एक थर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक दिवसाआड, आणि सहन झालं तरच रोज. २० ग्रॅमची ट्यूब रोज वाटाण्याएवढं वापरलं तर दोन-अडीच महिने पुरायला हवी. ती तीन आठवड्यांत संपत असेल तर दोष औषधाचा नाही.

जोर वाढवूनही फारसं हाती लागत नाही. १९९५ मध्ये ०.१ आणि ०.०२५ टक्के अशी दोन्ही क्रीमं ४८ आठवडे लावून पाहिली गेली. फायदा जवळपास सारखा, जळजळ मात्र ०.१ वाल्यांना कितीतरी जास्त. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी हे दुप्पट खरं. गोऱ्या चेहऱ्यावर जळजळ झाली की तो लाल होतो आणि आठवड्यात निवळतो. आपल्याकडे जळजळ झालेल्या जागी काळा डाग उमटतो आणि तो सहा-सहा महिने बसून राहतो. सुरकुती घालवायला गेलो आणि वांग घेऊन आलो, अशी गत. शिवाय अप्पर लिपचं वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचं असेल तर सात दिवस आधी औषध बंद ठेवायचं. नाहीतर मेणाबरोबर कातडीचा पापुद्राही निघून येतो, आणि मग दोष पार्लरवालीला. गरोदरपणात, किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना, अ जीवनसत्त्वाचं हे सगळं घराणंच दूर ठेवायचं.

ट्रेटिनॉइन आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायला हवं. दुकानातल्या सीरममध्ये असतं ते रेटिनॉल. ते त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनोइक आम्ल. दोन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर गळती. रेटिनाइल पामिटेट असेल तर तीन पायऱ्या. म्हणून ते सौम्य, आणि म्हणूनच मंद. पण निरुपयोगी नव्हे. २००७ सालच्या मिशिगनच्याच एका अभ्यासात सरासरी ८७ वर्षांच्या ३६ जणांच्या दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉल आठवड्यातून तीनदा, २४ आठवडे लावलं, आणि बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या. म्हणजे बाहीखालच्या, ऊन न पाहिलेल्या कातडीवरसुद्धा याचा उपयोग होतो. युरोपीय संघाने चेहऱ्याच्या उत्पादनांत रेटिनॉलची कमाल मर्यादा ०.३ टक्के ठरवली आहे, तेव्हा '२ टक्के रेटिनॉइड' (रेटिनॉइड हे या सगळ्या घराण्याचं नाव) असं काही दिसलं तर नेमकं कोणतं रसायन आणि शुद्ध किती, हे तपासावं. बऱ्याचदा तो टक्का तेलात कालवलेल्या मिश्रणाचा असतो. रेटिनॉलला हवा आणि उजेड दोन्ही खपत नाहीत. पारदर्शक बाटलीत, ड्रॉपर लावून विकलेलं रेटिनॉल ही शोभेची वस्तू. अॅल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा न शिरणारा पंप बरा.

इथे मेडिकलच्या दुकानांबद्दल न बोलणं बरोबर नाही. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी काळ्या डागांसाठी एक मिश्रण सुचवलं होतं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. वांगावर काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी ते उत्तम आहे. आपल्याकडे त्याच धर्तीची तीन औषधांची मलमं काउंटरवरून 'गोरं व्हायचं क्रीम' म्हणून गेली, शेजारणीने शेजारणीला सांगितली, आणि वर्षानुवर्षं पावडरीखाली लावली गेली. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, मऊ होतो. कुणालाही जादूच वाटेल. मग स्टेरॉइड आपला हिशेब चुकता करतं. कातडी खरोखर पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, बारीक पुरळ येतं, आणि क्रीम बंद केलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. त्वचारोगतज्ज्ञांनी याला रीतसर नाव दिलं आहे, 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा'. २०१८ साली सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. ट्यूबच्या मागे मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असलं तर ते रोज लावायचं क्रीम नाही, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. आणि वापर आधीच वर्षभराचा झाला असेल तर एका दिवसात बंद न करता डॉक्टर गाठावा.

क जीवनसत्त्वाचं रसायन वेगळं. कोलॅजेनचे तीन धागे एकमेकांत पक्के गुंफायला ते लागतं. ते न मिळाल्याने खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, तो स्कर्व्ही. त्वचेवर लावायचं तर शुद्ध एल-अॅस्कॉर्बिक आम्ल, आणि त्याच्या अटी फार. ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांनी २००१ मध्ये त्या मोजल्या : पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.५ च्या खाली हवा, प्रमाण २० टक्क्यांपर्यंतच (पुढे वाढवलं की शोषण उलट कमी होतं), आणि एकदा त्वचेत मुरलं की निम्मं संपायला सुमारे चार दिवस. पीएचचं कारण सोपं आहे. ४.२ पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात, आणि भारित रेणूला तो मृत थर आत घेत नाही. ३.५ वर आलं की ८० टक्क्यांहून जास्त रेणू भाररहित. २००५ मध्ये याच गटाने १५ टक्के क जीवनसत्त्व, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल एकत्र करून पाहिलं. द्रावण टिकाऊ झालं आणि उन्हापासूनचं रक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं. आजची बहुतेक महाग सीरमं याच पाककृतीची नातवंडं.

पण हे आम्ल बाटलीतही मरत असतं. ताजं द्रावण पाण्यासारखं किंवा फिकट पेंढ्याच्या रंगाचं. हवा लागत गेली की पिवळं, मग नारिंगी, मग बिनदुधाच्या चहासारखं. चहाचा रंग आला की टाकून द्यायचं, कितीही हजारांचं असो. ते लावलं तर नखं आणि केसांची कड पिवळट होते, बाकी काही नाही. बाटली छोटी घ्यावी, झाकण लगेच लावावं, फ्रिजमध्ये ठेवावी, बाथरूममध्ये अजिबात नाही. सकाळी धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर चार-पाच थेंब, दोन मिनिटांनी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. आणि लिंबू कापून चोळणं हा याचा घरगुती पर्याय नव्हे. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे आंबट तेवढा भरपूर, आणि लिंबाच्या सालीत उन्हाशी भांडण काढणारी द्रव्यं असतात. सरबत करून दुपारी उन्हात बसलेल्यांच्या हातावर जे विचित्र काळे ओघळ उठतात, ते त्यांचेच.

पीएचची हीच मेख ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लांमध्ये आहे, आणि तिथे तर विक्रेत्यांची चंगळच. ग्लायकोलिक ३.८ पीएचला निम्मं मोकळं असतं. '१० टक्के' लिहिलेल्या बाटलीचा पीएच ३.८ असेल तर काम करणारं आम्ल ५ टक्के, पीएच ४.८ असेल तर जेमतेम १ टक्का. बाहेर दोन्हींवर १० च छापलेलं. घरी वापरायला १० टक्के आणि पीएच ३.५ च्या वर, इथवर थांबावं, आठवड्यातून एक-दोन रात्री, आणि ज्या रात्री रेटिनॉल त्या रात्री हे नाही. यानंतर ऊन जास्त लागतं, हेही खरं.

नायसिनामाइडबद्दल, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाबद्दल, थोडक्यात : ५ टक्के पुरे. रंगद्रव्याच्या पिशव्या वरच्या पेशींत जाण्याला ते अटकाव करतं, त्वचेची वेस मजबूत करतं, स्वभावाने गरीब, जवळपास कशाबरोबरही नांदतं. १० आणि २० टक्के ही आकड्यांची स्पर्धा आहे. तिचा फायदा बहुधा चेहरा लाल होण्यापुरताच. पेप्टाइडांवर, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवर, मात्र अजून हात राखूनच बोलावं. काहींचे अभ्यास आहेत, परिणाम दिसतो, पण बारीक.

बाटलीच्या मागचं घटकांचं बारीक छापणं एका युक्तीने वाचता येतं. १ टक्क्यावरचे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्याचं द्रव्य १ टक्क्यापर्यंतच वापरता येतं. त्यामुळे नायसिनामाइड किंवा क जीवनसत्त्व त्याच्या नंतर आलं असेल तर ते नावापुरतं. रेटिनॉल मागे असलं तर चालतं, त्याची मात्राच दशांशात असते.

आणि हे सगळं सनस्क्रीनशिवाय करणं म्हणजे बुडाला भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं. ऑस्ट्रेलियातल्या नॅमबोर गावात ५५ च्या आतल्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हाताच्या पाठीवर त्वचेचं वय वाढल्याची मोजता येईल अशी खूण नव्हती. मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा त्यांचं जीर्ण होणं २४ टक्के कमी. पण मात्रा महत्त्वाची. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनवरचा संरक्षणाचा आकडा, मोजतात तो चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीइतक्या दोन रेघा. बहुतेक जण याच्या निम्म्यावर थांबतात आणि ५० चं सनस्क्रीन २५ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली आणून ठेवतात. वांग असलेल्यांनी लोहाच्या ऑक्साइडचं, हलका रंग असलेलं घ्यावं. नुसत्या प्रकाशानेही वांग गडद होतो, आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. काचेवर विसंबू नये. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकी चालकाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला : चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू दुसऱ्याच, फार म्हाताऱ्या माणसाची वाटावी अशी. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काच अडवते, यूव्हीए बरंचसं आत येऊ देते. आपल्याकडे ती बाजू उजवी.

शेवटी बाकुचिओल, कारण 'नैसर्गिक रेटिनॉल' म्हणून हल्ली ते फार खपतं आणि त्याचं एक टोक पुण्यात आहे. बावचीच्या बियांमधून हा रेणू पहिल्यांदा वेगळा काढला तो पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, १९६६ मध्ये, सुख देव यांच्या गटाने. अर्थात सुरकुत्यांसाठी नव्हे. तो काळ भारतीय वनस्पतींतली रसायनं एकेक करून ओळखण्याचा होता. रेटिनॉलशी त्याचं रासायनिक नातं काही नाही. २०१९ च्या एका चाचणीत ४४ जणांनी अर्धा टक्का बाकुचिओल दिवसातून दोनदा किंवा अर्धा टक्का रेटिनॉल एकदा, असं १२ आठवडे लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हींकडे सारखेच उतरले, सालपटं आणि चुरचुर रेटिनॉलकडे जास्त. अभ्यास लहान आहे, पण ज्यांना रेटिनॉल सोसत नाही त्यांनी करून पाहायला हरकत नाही. फक्त शुद्ध केलेलं बाकुचिओल आणि बावचीचं तेल एक नव्हे. बावचीत सोरालेन हे त्वचेला उन्हासाठी हळवं करणारं द्रव्य असतं, आणि ते लावून उन्हात बसवणं हा कोडावरचा जुना आयुर्वेदिक उपाय आहे, तो चालतो याचं कारणच हे की सोरालेन लावलेली कातडी उन्हात भाजून निघते. स्वस्त मिळालं म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातलं बावचीचं तेल रात्री चेहऱ्यावर चोळलं आणि सकाळी स्कूटरवर निघालं, तर दुपारपर्यंत गालावर फोड.